शिक्का नसलेली कुंडी कशी ओळखावी: विसाव्या शतकाच्या मध्यातील आधुनिक कुंड्यांच्या संग्रहाविषयी

१९५० आणि १९६० च्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियात तयार झालेल्या पांढऱ्या, नक्षीविरहित, दंडगोल, शंकू किंवा डमरूच्या आकाराच्या कुंड्या आज अमेरिकेतील लिलावगृहांत कलावस्तू म्हणून विकल्या जातात. मात्र त्यांपैकी बऱ्याच कुंड्यांच्या तळाशी घडवणाऱ्याचे नाव आढळत नाही. काहींवर कागदी लेबल असे आणि ते पहिल्या काही पावसाळ्यांतच गळून पडले, तर काहींवर मुळातच काही नव्हते. या छंदात नव्याने येणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी अडचण येथूनच सुरू होते. नाणी, तिकिटे किंवा घड्याळे जमवणाऱ्याला वस्तूवरचा मजकूर वाचता येतो. कुंड्या जमवणाऱ्याला माती, भिंतीची जाडी, काठ आणि तळ वाचावे लागतात. मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे साधारण १९४५ ते १९७० या काळातील आधुनिक शैली, हे शब्द विक्रेता कोणत्याही जुन्या कुंडीला लावू शकतो आणि लावतोही. त्यामुळे कुंडी कशी घडते आणि ती त्या काळी का घडली, हे समजून घेणे हाच संग्रहाचा खरा पाया आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी घराविषयी बोलले पाहिजे, कारण या कुंड्या घरांसाठी जन्मल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस परिसरात घरांची मोठी गरज निर्माण झाली. तेथून प्रसिद्ध होणाऱ्या ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी १९४५ मध्ये ‘केस स्टडी हाऊस’ हा उपक्रम सुरू केला आणि नामवंत वास्तुविशारदांकडून कमी खर्चाच्या, पोलाद, काच आणि प्लायवूडच्या आदर्श घरांचे आराखडे करून घेतले. चार्ल्स आणि रे ईम्स यांचे १९४९ चे घर आणि पिअर कोनिग यांनी टेकडीच्या कड्यावर उभे केलेले १९६० चे स्टाल हाऊस ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे होत. या घरांत भिंतीची जागा जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेने घेतली, आतली फरशी आणि बाहेरचे अंगण एकाच पातळीवर आले आणि बाग व दिवाणखाना यांच्यातली सीमा जवळजवळ पुसली गेली. भरपूर उजेड मिळू लागल्यामुळे उष्ण प्रदेशातली मोठ्या पानांची झाडे घरात ठेवता येऊ लागली. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मॉन्स्टेरा जसा या घरांत आला, तसे आपल्या ईशान्य भारतात मूळ असलेले रबराचे झाडही आले. प्रश्न उरला तो एवढाच, की अशा घरात झाड लावायचे कशात. बाजारात मिळत होती ती जाड काठाची लाल टेराकोटाची कुंडी किंवा वेलबुट्टीने भरलेली युरोपीय धाटणीची बागेतली पात्रे. आणि सरळ रेषांच्या या घरांत दोन्ही परकी दिसत.

उत्तर आले ते लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना येथील एका वर्गातून. कॅलिफोर्निया स्कूल ऑफ आर्टमध्ये लागार्डो टॅकेट मृत्तिकाशिल्प शिकवत होते. बाहेर, बागेत आणि वास्तूच्या सोबतीने ठेवता येतील असे मातीचे नवे आकार शोधण्याचे काम त्यांनी विद्यार्थ्यांसह हाती घेतले, आणि त्यात जॉन फॉलिस व रेक्स गूड हे दोघे विशेष पुढे आले. मॅक्स आणि रिटा लॉरेन्स या दाम्पत्याला हे आकार इतके भावले, की १९५० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘आर्किटेक्चरल पॉटरी’ ही कंपनी स्थापन करून त्यांचे उत्पादन सुरू केले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या ‘गुड डिझाइन’ प्रदर्शनात या कुंड्यांची निवड झाली. कंपनीचे ग्राहक प्रामुख्याने वास्तुविशारद आणि अंतर्गत सजावटकार होते, ही गोष्ट संग्राहकाने विसरू नये. घरांच्या जोडीला बँका, कार्यालये आणि व्यापारी इमारती यांच्या प्रवेशदालनांसाठी या कुंड्या मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या. छायाचित्रकार ज्युलियस शुल्मन यांनी टिपलेल्या त्या काळच्या आधुनिक घरांच्या चित्रांतही त्या वारंवार दिसतात. त्यामुळे एखादी जुनी कार्यालयीन इमारत नव्याने सजवली जाते, तेव्हा तिच्यातून बाहेर पडणारी धुळकट पांढरी कुंडी ही दुर्लक्ष करण्याजोगी वस्तू नसते.

आता तांत्रिक भागाकडे वळू, कारण साधा दिसणारा हा आकार घडवायला अवघड का आहे हे कळल्यावर डोळ्यांना बरेच काही दिसू लागते. नेहमीच्या टेराकोटा कुंडीचा जाड काठ शोभेसाठी नसतो. तो तोंडाला बळकटी देतो, उचलायला पकड देतो आणि सुकताना व भाजताना तोंड वाकडे होऊ देत नाही. माती सुकताना आणि भट्टीत भाजताना आकुंचन पावते, आणि उच्च तापमानाला भाजल्या जाणाऱ्या मातीत हे एकूण आकुंचन साधारण दहा ते बारा टक्क्यांपर्यंत जाते. भिंतीची जाडी एका बाजूला थोडी कमी असली, किंवा भट्टीत एका बाजूने उष्णता जास्त लागली, तरी गोल तोंड लंबगोल होते. वेलबुट्टीच्या कुंडीत असा दोष लपतो. ज्या कुंडीवर कोणतीही नक्षी नाही, काठ नाही, जिची भिंत तळापासून तोंडापर्यंत सरळ जाते, तिच्यात तो लांबूनही दिसतो. म्हणून मोठ्या व्यासाचा, खरोखर गोल आणि खरोखर सरळ दंडगोल ही कारखान्यातल्या कारागिरांच्या कौशल्याची पावती असते.

अशा कुंड्यांसाठी साच्यात ओतण्याची पद्धत फार उपयोगी पडली. या पद्धतीत मातीचा दाट द्रव तयार करतात. त्यात सोडियम सिलिकेटसारखा पदार्थ अल्प प्रमाणात मिसळला की कमी पाण्यातही तो वाहता राहतो आणि पुढचे आकुंचन मर्यादित राहते. हा द्रव प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या बाजूला मातीचा थर जमू लागतो. थर हवा तेवढा जाड झाला की उरलेला द्रव ओतून काढतात. थर सगळीकडून सारख्याच वेगाने वाढत असल्यामुळे अशा भांड्याची भिंत सर्वत्र जवळपास सारखी जाड असते, आतला आकार बाहेरच्या आकाराबरोबर चालतो, आणि साच्याचे भाग जेथे जुळतात तेथे एक अतिशय बारीक उभी रेषा राहते, जी कारागीर पुसून काढतो पण जी तिरप्या उजेडात पुष्कळदा सापडते. चाकावर हाताने ओढलेल्या कुंडीत याउलट आतून बोटांची वळणे फिरत गेलेली दिसतात आणि भिंत खाली जाड व वर पातळ होत जाते. कुंडी हातात घेतल्यावर आतून बोटे फिरवून पाहावीत. बाहेरच्या झिलईपेक्षा, म्हणजे भट्टीत मातीवर चढलेल्या काचेसारख्या थरापेक्षा, आतली बाजू अधिक सांगते.

त्यानंतर पाहायची ती माती. टेराकोटा आणि साधी भाजलेली माती साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजली जाते आणि सच्छिद्र राहते. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांच्या आसपास भाजले जाते, त्यातली छिद्रे बऱ्याच अंशी मिटतात आणि ते अधिक घट्ट व जड होते. झिलई नसलेल्या तळावर पाण्याचा थेंब ठेवला, तर सच्छिद्र माती तो लगेच पिते आणि स्टोनवेअरवर तो बराच वेळ टिकतो. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली, तर अखंड स्टोनवेअर स्पष्ट नाद देते. आत केसासारखा तडा असेल तर आवाज बसका येतो. आर्किटेक्चरल पॉटरीच्या कुंड्या पांढऱ्या किंवा काळ्या मंद झिलईत मिळत, तशाच त्या बाहेरून बिनझिलईच्या आणि आतून चकचकीत झिलईच्या अशाही विकल्या जात. बाहेरून कोरडा, खडूसारखा पांढरा पृष्ठभाग आणि आतून काचेसारखा थर असे मिश्रण दिसले, की शिक्का नसला तरी ती कुंडी अधिक बारकाईने पाहावी.

शंकूच्या किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या कुंड्यांना लोखंडी सळ्यांचा अथवा लाकडाचा आधार असे, आणि मूळ आधारासह असलेली कुंडी नुसत्या कुंडीपेक्षा खूप अधिक मोलाची ठरते. आधार मूळचा आहे की नंतर जोडला, हे तपासण्यासाठी कुंडी त्यात बसवून सावकाश फिरवावी. मूळ जोडीत कुंडी सर्व बाजूंनी सारखी टेकते आणि अनेक दशकांच्या स्पर्शाने तिच्या अंगावर एक फिकट पट्टा उमटलेला असतो. सळीवरचा गंज सर्वत्र सारखा आणि ताजा नारिंगी असेल, तर सावध व्हावे; जुना गंज गडद असतो आणि पाणी साचते तेथेच जास्त असतो.

लॉरेन्स यांच्या कंपनीचा इतिहास पांढऱ्या दंडगोलांपाशी थांबत नाही. १९६० च्या दशकात डेव्हिड क्रेसी हे तेथे निवासी कलावंत म्हणून काम करू लागले, आणि त्यांच्या कुंड्यांत तपकिरी, खडबडीत, ओरखडलेल्या पृष्ठभागाचे स्टोनवेअर आले. गुळगुळीत भूमितीकडून हाताच्या खुणांकडे वळलेली त्या दशकाची अभिरुची त्यांत स्पष्ट दिसते. माल्कम लेलँड यांनी कंपनीसाठी केलेले पक्ष्यांचे मातीचे घरटेही संग्राहकांना परिचित आहे. याच मालकांनी फायबरग्लासच्या मोठ्या कुंड्याही काढल्या, ज्या दुरून मातीच्या वाटतात पण उचलताच हलक्या लागतात. १९८० च्या दशकात कंपनी बंद पडली.

ज्यांना लिलावातल्या अशा कुंड्यांवर मोठा खर्च करायचा नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. लॉस एंजेलिस परगण्यातील ला व्हर्न या गावच्या गेनी सिरॅमिक्सच्या कुंड्या त्याच साध्या आकारांत, पण नारिंगी, पिवळ्या, ऑलिव्ह अशा चकचकीत रंगांत मिळत आणि त्यांच्या तळाशी गावाच्या नावासह ठसा बहुधा सापडतो. इलिनॉयमधील हेगर पॉटरीज ही १८७१ मध्ये विटांच्या भट्टीपासून सुरू झालेली आणि २०१६ मध्ये बंद झालेली संस्था, तसेच ओहायोतील मॅककॉय, या दोघांनी फुलवाल्यांसाठी आणि मध्यमवर्गीय घरांसाठी लहान कुंड्या प्रचंड संख्येने केल्या. त्या अजूनही परवडतात आणि हात तयार करण्यासाठी उत्तम आहेत. पश्चिम जर्मनीत शॉयरिखसारख्या कारखान्यांनी केलेल्या कुंड्यांवर आकाराचा क्रमांक आणि सेंटीमीटरमधले माप यांच्या सोबत पुष्कळदा ‘डब्ल्यू. जर्मनी’ असा ठसा असतो. हे राष्ट्र १९४९ ते १९९० या काळातच अस्तित्वात असल्यामुळे तो ठसा स्वतःच कालखंड सांगतो.

स्वित्झर्लंडच्या विली गूल यांच्या कुंड्यांविषयी मात्र थांबून आणि गंभीरपणे लिहिणे आवश्यक आहे. गूल झुरिचच्या उपयोजित कला विद्यालयात शिकवत, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी एटरनिट या कंपनीसाठी तंतुमिश्रित सिमेंटच्या कुंड्यांचे आकार घडवले. डमरूसारखी दोन तोंडांची कुंडी, रुमाल अलगद टाकल्यासारखी दुमडलेली कुंडी आणि तिरका वाडगा हे त्यांतले प्रसिद्ध आकार आहेत. सिमेंटचा ओला पत्रा साच्यावर हाताने वळवून ते केले जात, म्हणून त्यांची भिंत पातळ आहे आणि काँक्रीटच्या मानाने त्या हलक्या आहेत. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्या काळच्या एटरनिटमधला तंतू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. महाराष्ट्रात गोठ्यांवर, गोदामांवर आणि चाळींच्या छपरांवर दिसणारे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे राखाडी पत्रे ज्या पद्धतीने बनतात, तिचे एकस्व (पेटंट) ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी घेतले होते आणि एटरनिट हे नावही त्यांनीच दिले. त्या पत्र्यांतला पदार्थ आणि गूल यांच्या जुन्या कुंड्यांतला पदार्थ एकाच कुळातला आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असताना सहसा हवेत येत नाहीत. पण वस्तू फुटली, कापली, घासली, भोक पाडले, किंवा वर्षानुवर्षे ऊन-पावसाने तिचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला, तर ते सुटतात. श्वासावाटे फुफ्फुसात गेलेले हे तंतू अनेक दशकांनंतर अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग) यांसारखे रोग निर्माण करू शकतात. स्वित्झर्लंडने १९९० मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघाने २००५ पर्यंत या पदार्थावर बंदी आणली. म्हणून जुनी एटरनिट कुंडी शेवाळ काढण्यासाठी कोरड्या ब्रशने किंवा दाबाच्या पाण्याने घासू नये, तिला सँडपेपर लावू नये, तिच्यात भोक पाडू नये आणि तुटलेले तुकडे नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. माझा सल्ला याहून कडक आहे: काठ झिजलेली किंवा पृष्ठभाग पावडरीसारखा सुटणारी जुनी एटरनिट कुंडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, आणि लहान मुले वावरतात अशा घरात अखंड कुंडीही ठेवू नये. गूल यांचे आकार आवडत असतील, तर अ‍ॅस्बेस्टॉसरहित तंतुसिमेंटमध्ये केलेल्या नव्या आवृत्त्या हा योग्य पर्याय आहे.

नव्या आवृत्त्यांचा प्रश्न मातीच्या कुंड्यांनाही लागू होतो. व्हेसल यूएसए या कंपनीने आर्किटेक्चरल पॉटरीच्या नावाने जुने आकार पुन्हा काढले आहेत आणि मॉडर्निका ही कंपनी लाकडी आधारावरचे त्याच धाटणीचे दंडगोल विकते. या प्रामाणिकपणे विकल्या जाणाऱ्या नव्या वस्तू आहेत. गोंधळ होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या हाती विक्री होताना. अशा वेळी वयाच्या खुणा कोठे आहेत हे पाहावे. खऱ्या वापराने तळाची कडा झिजते, आत मातीच्या पातळीशी क्षारांची आडवी रेषा उमटते, आणि पाणी जेथून वाहत गेले तेथेच डाग असतात. मुद्दाम मळवलेल्या कुंडीवर डाग सर्वत्र सारखे असतात.

वस्तूची अवस्था तपासताना झिलईतील बारीक जाळी आणि अंगातला तडा यांत फरक करायला शिकले पाहिजे. झिलई आणि माती थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि ताण आलेल्या झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात. त्या दोष असल्या तरी घातक नसतात, फक्त सच्छिद्र मातीत त्यांतून पाणी शिरून डाग पडतात. तडा मात्र भिंतीच्या आरपार जातो, दोन्ही बाजूंनी एकाच जागी दिसतो आणि काठापाशी नख अडकते. दुरुस्ती लपवलेली असेल, तर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली नवा रंग आणि राळ मूळ झिलईपेक्षा वेगळ्या चमकतात. काठावरचा लहान टवका मी क्षम्य मानतो. नंतर पाडलेले भोक मात्र किंमत चांगलीच उतरवते, आणि ते ओळखता येते, कारण मूळ भोकाच्या कडा भाजण्यापूर्वी गुळगुळीत केलेल्या असतात, तर ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या कडेला झिलई टवके उडालेली आणि माती उघडी दिसते.

या कुंड्या रिकाम्या ठेवण्यासाठी केलेल्या नाहीत आणि झाडाशिवाय त्यांचे प्रमाणही नीट कळत नाही, म्हणून त्यांत झाड जरूर लावावे. फक्त थेट माती भरू नये. झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती कुंडी जुन्या कुंडीत उतरवावी, खाली खडे किंवा उलटी बशी ठेवून उंची जुळवावी आणि पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढावी. यामुळे मुळांचा दाब, खतांतले क्षार आणि साचलेले पाणी या तिन्ही गोष्टी टळतात. बिनझिलईच्या पृष्ठभागावर पांढरे क्षार आलेच, तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात कुंडी काही दिवस बुडवून ते हळूहळू सोडवता येतात. पातळ व्हिनेगरने झिलईवरचा चुन्याचा थर निघतो, पण सिमेंटच्या कुंडीला आम्ल लावू नये, कारण ते सिमेंटच खाते. जेथे हिवाळ्यात पाणी गोठते, तेथे सच्छिद्र मातीची कुंडी बाहेर ठेवली तर आत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि भिंत सोलते. पुण्यात ही भीती नाही, शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाला ती आहे.

खरेदीसाठी कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना पासाडेनाच्या रोझ बोल या स्टेडियमवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार आणि घर रिकामे करताना होणाऱ्या विक्री हे सर्वांत चांगले मार्ग आहेत. लिलावगृहांच्या जुन्या यादींतली छायाचित्रे आणि मापे पाहणे हा विनामूल्य अभ्यास आहे. आकाराची उंची आणि व्यास यांचे गुणोत्तर डोक्यात बसले की रस्त्याकडेच्या विक्रीतही योग्य कुंडी लगेच नजरेत भरते. नवख्याने पहिल्या वर्षी ठसा असलेल्या स्वस्त कुंड्या घ्याव्यात आणि बिनशिक्क्याच्या महाग कुंड्या फक्त हाताळाव्यात, असे मी सुचवीन.

भारतात कुंडी पाठवायची असेल, तर वजनामुळे वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त होण्याची शक्यता आधीच हिशोबात धरावी आणि सीमाशुल्क वेगळे मोजावे. आधार सुटा करून वेगळा बांधावा, कुंडीच्या आत घट्ट कागद भरून काठाला आतून टेकू द्यावा, आणि एका खोक्यात बांधलेली कुंडी दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये किमान चार बोटे जागा भरून ठेवावी. कोठून, कोणाकडून आणि कोणत्या इमारतीतून ती आली, हे लिहिलेला कागद सोबत ठेवावा. शिक्का नसलेल्या कुंडीसाठी पुढच्या खरेदीदाराला तोच एक लेखी पुरावा असतो.